प्रबंधात गाण्याचा संदर्भ कसा द्यायचा, हे मी कसं शिकले

माझ्या पीएच.डी.चा विषय तबकडीवरचं मराठी गाणं हा होता. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत कितीतरी वेळ चालणारं पद १० इंची तबकडीच्या एका बाजूला, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांत बसवताना त्यातलं काय राहिलं आणि काय सुटलं, आणि पुढे भावगीत त्याच तीन मिनिटांच्या मापाने कसं घडत गेलं, हे मला मांडायचं होतं. त्यामुळे माझा निम्माअधिक पुरावा ऐकायचा होता. पुस्तकातलं अवतरण दिलं की पान क्रमांक टाकायचा, हे बी.ए.पासून अंगवळणी पडलेलं. पण ‘अंतऱ्यावर येताना गायक मुद्दाम शब्द मागे ठेवतात आणि सूर पुढे नेतात’ असं वाक्य लिहिलं, तर त्याच्या तळटीपेत काय लिहायचं?

विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेत पुस्तक होतं, संपादित ग्रंथातला लेख होता, वर्तमानपत्र, मुलाखत, अप्रकाशित प्रबंध, संकेतस्थळ हे सगळं होतं. गाणं नव्हतं. म्हणून विभागाच्या ग्रंथालयात बसून संगीतावरचे आणि नाटकावरचे जुने प्रबंध चाळले. बहुतेकांत शेवटी ‘ध्वनिफिती’ असं शीर्षक आणि त्याखाली गायकांची नावं, एवढंच. अलीकडच्या प्रबंधांत यूट्यूबच्या लिंका. त्यातल्या बऱ्याच उघडून पाहिल्या, तर व्हिडिओच काढून टाकलेले. त्या अभ्यासकांनी तासन्‌तास कान देऊन ऐकलेलं असणार, त्यांचं विवेचन वाचताना ते जाणवतं. पण त्यांनी नेमकं काय ऐकलं ते आज मला ऐकता येत नाही, आणि ऐकता येत नाही म्हणून पडताळताही येत नाही. याची मला फार चुटपुट लागली. एवढी मेहनत करून वाट मागच्या माणसासाठी बंद का ठेवायची?

मार्गदर्शक मॅडमपुढे मी ‘नाथ हा माझा’ हे पद घेऊन बसले. ज्या नाटकातलं ते पद, ते ‘स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आलं, रुक्मिणीची भूमिका बालगंधर्वांची. मॅडम म्हणाल्या, “अगं, नुसतं ‘नाथ हा माझा’ लिहून कसं चालेल? शब्द खाडिलकरांचे. चाल भास्करबुवा बखल्यांची. गायले नारायणराव, म्हणजे बालगंधर्व. आणि कंपनीच्या माणसांनी एका दिवशी एका खोलीत ते मेणावर कोरून घेतलं. तू यातल्या कशाबद्दल बोलतेयस ते आधी ठरव. मग कुणाचं नाव आधी लिहायचं हा प्रश्नच उरणार नाही.”

माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच ठरला. आपण सहज ‘गाणं’ म्हणतो त्यात निदान चार वेगवेगळ्या निर्मिती असतात: कविता, चाल, गायन आणि ध्वनिमुद्रण. प्रत्येकीचा कर्ता वेगळा, साल वेगळं आणि बरेचदा गावही वेगळं. पुस्तकाला लेखक असतो आणि त्याच्या नावापासून नोंद सुरू होते. गाण्याच्या नोंदीला मात्र विचार करूनच सुरुवात करावी लागते.

संदर्भ कसे द्यायचे ते सांगणाऱ्या एमएलए, एपीए आणि शिकागो या परदेशी शैलीपुस्तिका मी याच दृष्टीने वाचल्या. एमएलएचं म्हणणं असं की तुमचा भर ज्याच्यावर आहे त्याचं नाव पुढे घ्या. एपीए शास्त्रीय संगीताच्या रचनेसाठी संगीतकाराला लेखकाच्या जागी बसवते आणि लोकप्रिय गाण्यासाठी गायकाला. शिकागो शैली ध्वनिमुद्रिकांची वेगळी सूची करायला मोकळीक देते आणि कंपनी, तबकडीचा क्रमांक, ध्वनिमुद्रणाची तारीख यांवर भर देते. मला शिकागोची वाट जवळची वाटली. एपीएची विभागणी मात्र आमच्या गाण्याला लागू होत नाही. बडा ख्याल कुणाच्या लेखणीतून पूर्ण लिहून उतरलेला नसतो. बंदिशीचे दोन-चार शब्द परंपरेतून आलेले, आणि पुढचा सगळा विस्तार गाणाऱ्याचा, त्याच क्षणी केलेला. तिथे ‘संगीतकार’ म्हणून कुणाला बसवणार? आणि नाट्यपद तर शास्त्रीयही आहे, लोकप्रियही.

मग मी आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांकडे वळले, आणि तिथे जे दिसलं त्याने मला खूप बळ आलं. संगीत नाटकांच्या जुन्या आवृत्त्या उघडा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि त्यापुढे ‘चाल’ असं लिहून ज्या मूळ गाण्यावरून चाल घेतली त्याची पहिली ओळ छापलेली असते. किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आणलं. त्या काळच्या नाटककारांनी लावणीतून, कीर्तनातून, कानडी पदांतून चाली घेतल्या आणि कुठून घेतल्या ते वाचकाला उघड सांगितलं. त्याला संदर्भ देणं नाही तर काय म्हणायचं? गाण्याचं मूळ सांगण्याची रीत आपल्या छापखान्यांत सव्वाशे वर्षांपूर्वी रुळलेली होती. मी माझ्या नोंदीत ‘चाल’ हा रकाना ठेवला तो त्या पुस्तकांवरून.

आणखी मागे गेलं तर अभंगातली नाममुद्रा आहेच. ‘तुका म्हणे’ म्हटलं की कर्ता गाण्याच्या आतच बसलेला. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या दिवसांतही असंच काहीसं घडलं. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला येऊन गायिका गौहरजानचा आवाज मुद्रित करून गेला, तेव्हा गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारते. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तबकड्या तिथे छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही पुकार. आज ती गंमत म्हणून ऐकवतात. मला त्यात एक फार महत्त्वाची नोंद दिसते: आवाजाबरोबर नाव गेलंच पाहिजे, ही.

कागदावरचा विचार इथवर आला. खरं शिक्षण झालं ते तबकड्या हातात घेतल्यावर. दक्षिण महाराष्ट्रातले एक संग्राहक काका आहेत, आयुष्यभर नोकरी सांभाळून त्यांनी संग्रह उभा केला. त्यांच्याकडे मी पुन्हा पुन्हा जात राहिले. पहिल्याच भेटीत माझी वही पाहून ते म्हणाले, “ताई, तुम्ही लेबल उतरवून घेताय. ते घ्याच, पण तबकडी जरा तिरकी धरा दिव्याखाली.” लेबलाच्या भोवती, जिथे गाण्याच्या रेघा संपतात, तिथे एक गुळगुळीत पट्टा असतो. त्यात बारीक आकडे उठलेले दिसले. हा मॅट्रिक्स क्रमांक. लेबलावरचा क्रमांक विक्रीसाठी, दुकानदाराच्या यादीसाठी. एका तबकडीला तो एक असतो आणि दोन्ही बाजूंना सारखा. मॅट्रिक्स क्रमांक मात्र त्या बाजूवरच्या त्या मुद्रणाचा. तेच गाणं गायकाने पुन्हा मुद्रित केलं असेल, आणि मागणी टिकली म्हणून कंपनीने पुढे दुसऱ्या मुद्रणावरून तबकड्या काढल्या असतील, तर विक्रीचा क्रमांक तोच राहूनही आतलं गाणं वेगळं असू शकतं. दोन अभ्यासक एकाच क्रमांकाची तबकडी ऐकून दोन वेगळ्या तानांबद्दल भांडतील आणि दोघेही खरे असतील.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक नोंदीत कंपनीचं नाव, लेबलावरचा क्रमांक, बाजू आणि मॅट्रिक्स क्रमांक असे चारही तपशील जायला लागले. लांब गाणं दोन बाजूंवर विभागलेलं असेल तर ‘भाग १’, ‘भाग २’ हेसुद्धा. काकांच्या तबकड्यांची यादी आणि माझी वही आम्ही जोडीने पडताळायचो. ते क्रमांक वाचायचे, मी लिहायची, मग मी वाचायची आणि ते माना हलवायचे.

सालाचा प्रश्न याहून चिवट. लेबलावर साल नसतं. मोबाइलवरच्या गाण्याच्या अ‍ॅपमध्ये जे साल दिसतं ते बहुतेकदा सीडी निघाल्याचं, नाहीतर डिजिटल प्रत चढवल्याचं. तिथे पाहून लिहिलं तर कित्येक वर्षांपूर्वी दिवंगत झालेली गायिका कालपरवा गायल्यासारखी दिसते. अगदी सुरुवातीच्या काळासाठी मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९१० या काळातल्या भारतीय मुद्रणांच्या सूच्या करून ठेवल्या आहेत. त्यातलं पहिलं पुस्तक मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलं. मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने सुरेश चांदवणकरांच्या पुढाकाराने चालवलेल्या नियतकालिकात कितीतरी गायकांच्या तबकड्यांच्या याद्या आल्या आहेत. या लोकांनी पदरमोड करून जे केलं त्याशिवाय माझा प्रबंध उभा राहिला नसता. जिथे इतकं करूनही साल हाती लागलं नाही तिथे मी आपल्या चरित्रकोशांची रीत उचलली: ‘सु.’ (सुमारे) लिहून दशक द्यायचं, आणि ते कशावरून ठरवलं हे तळटीपेत सांगायचं. नाटकाचं साल आणि तबकडीचं साल एकाच ओळीत पण वेगवेगळं लिहायचं, हा नियम मी कधी मोडला नाही. ‘स्वयंवर’ १९१६चं आहे, म्हणून त्यातल्या पदाची तबकडीही १९१६ची ठरत नाही.

आता वेगाबद्दल, कारण याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. एका पदाच्या एकाच तबकडीच्या दोन डिजिटल प्रती माझ्याकडे आल्या. पेटीवर सूर लावून पाहिला, तर एकीचा षड्ज, म्हणजे ‘सा’, काळी एकवर आणि दुसरीचा जवळजवळ पांढरी दोनवर, म्हणजे अर्धा स्वर वर. गायक तोच, मुद्रण तेच, ओरखड्याचा ‘टक्‌’ असा आवाजही त्याच जागी. फरक फिरवण्याच्या वेगाचा. मिनिटाला ७८ फेऱ्या म्हणून या तबकड्यांना आपण ७८च्या तबकड्या म्हणतो, पण जुन्या काळात मुद्रणाचा वेग सगळीकडे काटेकोर ७८ नव्हता, आणि पुढे प्रत काढणाऱ्यानेही आपल्या यंत्रावर जो वेग होता तो धरला. ७८ फेऱ्यांची तबकडी ८३च्या आसपास फिरवली की सूर अर्ध्या स्वराने चढतो. बालगंधर्वांची पट्टी, तरुणपणीचा आवाज, उतारवयातला आवाज अशा गोष्टींवर आपण किती आत्मविश्वासाने लिहितो! ज्या प्रतीवरून लिहितो तिचा वेग माहीत नसेल तर त्या विधानाला आधार काय?

यातून एक व्यवहाराची अडचणही निघते. मिनिट-सेकंदांची वेळ हाच ध्वनिमुद्रणाचा पान क्रमांक, असं सगळ्या शैलीपुस्तिका धरून चालतात. पण वेगात एवढा फरक असेल तर तीन मिनिटांच्या गाण्यात दहा-अकरा सेकंदांची तफावत पडते, आणि तेवढ्यात मी दाखवत असलेली तान येऊन निघूनही जाते. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी वेळ दिली, आणि तिच्या जोडीला गाण्यातली खूणही दिली: ‘अंतऱ्याची दुसरी ओळ, तिसऱ्यांदा घेताना’. कुठल्याही प्रतीत, कुठल्याही वेगाने वाचक तिथे पोचतो. शिवाय मी कोणती प्रत ऐकली, ती कुठल्या संग्रहातली, कुणी काढली, हेही लिहिलं. पट्टीवर आधारलेला युक्तिवाद मी माझ्यासमोर वेग मोजून काढलेल्या प्रतींपुरताच ठेवला.

शब्दांच्या कर्तृत्वाबद्दल मला जेवढी खात्री वाटत होती तेवढीच तिथे जपून पावलं टाकावी लागली. ‘इंद्रायणी काठी, देवाची आळंदी’ हे भीमसेन जोशींच्या आवाजात आपण इतक्या भक्तिभावाने ऐकतो की ते एखाद्या संताचंच वाटतं. ते ग. दि. माडगूळकरांनी लिहिलं आहे, ‘गुळाचा गणपती’ या १९५३च्या चित्रपटासाठी, आणि संगीत पु. ल. देशपांडे यांचं आहे. प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ त्याच जातीचं. तुकोबांच्या गाथेत ते शोधत बसाल तर सापडणार नाही, कारण ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं, केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली आणि पडद्यावर विष्णुपंत पागनीस ते गायले. कवीने संताच्या भाषेत इतकं मिसळून जाणं ही त्याच्या प्रतिभेची केवढी थोरवी! आणि म्हणूनच अशा ठिकाणी ‘पारंपरिक’ किंवा ‘संतरचना’ लिहून मोकळं होणं हा त्या कवीवर अन्याय आहे. अभंगांच्या बाबतीत मी ठरवूनच टाकलं की गाथेच्या छापील आवृत्तीत अभंग क्रमांक सापडेपर्यंत संताचं नाव नोंदीत घालायचं नाही. सापडला की नोंदीत गाथेची आवृत्ती, अभंग क्रमांक आणि मग चाल, गायन, तबकडी असा क्रम.

‘रानारानात गेली बाई शीळ’ने मला वेगळाच धडा दिला. ना. घ. देशपांडे यांची ही कविता जी. एन. जोशींनी गायली. मराठी भावगीताची सुरुवात या तबकडीपासून मानतात. तबकडी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची. ना. घं.चा ‘शीळ’ हा कवितासंग्रह पुस्तकरूपाने आला १९५४ साली. म्हणजे महाराष्ट्राने ही कविता वीसेक वर्षं कानांनी वाचली आणि मग डोळ्यांनी. प्रबंधात कवितेच्या शब्दांचा आधार म्हणून सवयीने पुस्तकाचं पान दिलं असतं तर कालक्रम उलटा झाला असता. मी तबकडीला आधी मान दिला आणि पुस्तक नंतर. मॅडमना हे फार आवडलं. “ध्वनिमुद्रिका हे मूळ साधन आहे, पुस्तकाचं परिशिष्ट नाही, हे तू एका तळटीपेत दाखवलंस,” म्हणाल्या.

गीतरामायणासाठी तर मला स्वतंत्र सूचीच करावी लागली. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, ते सुरू झालं. वर्षभर आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गीतं ५६ झाली. रेडिओवर ती अनेकांनी गायली: कौसल्येसाठी ललिता फडके, सीतेसाठी माणिक वर्मा, इतर पात्रांसाठी वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे आणि कितीतरी. पुढे तबकड्या निघाल्या त्या सगळ्या सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात, आणि घराघरांत पोचलं ते हे रूप. गीतांचं पुस्तक १९५७ साली प्रकाशन विभागाने काढलं. प्रसारण, पुस्तक आणि तबकडी अशी तीन गीतरामायणं आहेत, आणि तिन्ही खरी आहेत. सीतेचा शोक बाईच्या आवाजात ऐकणं आणि तोच बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या आवाजात, कथन करणाऱ्याच्या अंतरावरून ऐकणं हे दोन वेगळे अनुभव आहेत. माझ्या एका प्रकरणाचा सगळा डोलारा या फरकावर उभा होता. तेव्हा पहिल्या गीताची नोंद अशी केली: ‘माडगूळकर, ग. दि. (गीत); सुधीर फडके (संगीत, गायन). “स्वये श्री रामप्रभू ऐकती”. गीतरामायण, गीत १. प्रसारण: आकाशवाणी, पुणे, १ एप्रिल १९५५.’ तबकडीवरच्या त्याच गीताची नोंद याच्या खाली, वेगळी. एकीत दुसरी मिसळू दिली नाही.

नावांचा क्रम लावणं वरवर सोपं वाटतं. आडनाव आधी, मग नाव. पण बालगंधर्व कुठे लावायचे? ‘राजहंस, नारायण श्रीपाद’ असं लावलं तर शोधणाऱ्याला सापडणार नाहीत. ते ‘ब’खाली ठेवले, आणि ‘र’खाली ‘बालगंधर्व पहा’ अशी ओळ टाकली. मास्टर कृष्णरावांना मात्र ‘फुलंब्रीकर’खाली नेलं आणि ‘म’खाली दिशादर्शक ओळ. पंडित, उस्ताद, बुवा ही बिरुदं क्रम लावताना बाजूला ठेवली, पण लेबलावर जसं छापलं आहे तसं नाव अवतरणात दिलं, कारण कंपनीने कुणाला कसं संबोधलं हाही इतिहास आहे. गायिकांच्या बाबतीत हे विशेष जपलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या थोर गायिका, आणि त्यांची आडनावं केरी आणि कुर्डी या त्यांच्या गावांवरून आलेली. कितीतरी जणींची तर लेबलावर नाव आणि गाव एवढीच ओळख. त्यांना आडनावाच्या रकान्यात कोंबण्यापेक्षा मी नावानेच लावलं आणि गाव पुढे लिहिलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, आणि यादीत त्यांचं नाव आहे. इथे पृथ्वीवर एखाद्या प्रबंधाच्या सूचीत त्यांच्या समकालीन बायकांना नावाची एक ओळ मिळू नये, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

या बाबतीत माझा आदर्श जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखभर ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणाला आणि नोंदींना आकार दिला, आणि २०१७पासून ‘पारी’ने, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. तिथे ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव, तालुका, जिल्हा असतो, वय, व्यवसाय आणि मुद्रणाची तारीख असते. ओवी परंपरेतून आली असेल, पण त्या पहाटे ती कुणाच्या गळ्यातून आली हे माहीत आहे आणि लिहिलेलं आहे. ‘लोकगीत, पारंपरिक’ अशा दोन शब्दांत ज्या बायका पुसल्या जातात त्या इथे कर्त्या म्हणून उभ्या आहेत. माझ्या प्रबंधात ओव्यांचा वापर थोडकाच होता, पण जिथे होता तिथे नोंद गाणारीच्या नावाने सुरू केली.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ध्वनिमुद्रणाचा ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं, दोन्ही पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजायची. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची पदं आता मोकळी आहेत. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. संशोधन आणि समीक्षेसाठी मर्यादित अवतरण द्यायला कायदा परवानगी देतो, त्यामुळे प्रबंधात अडचण आली नाही. विवेचनाला लागतील तेवढ्याच ओळी घेतल्या. पुस्तक करायच्या वेळी प्रकाशकांनी वारसदारांची लेखी परवानगी मागितली, आणि तेव्हा प्रत्येक नोंदीत कवी, संगीतकार आणि कंपनी वेगवेगळी लिहिलेली असल्यामुळे पत्र कुणाला पाठवायचं याची यादी आयती तयार होती.

सूचीची शेवटची मांडणी ठरली ती अशी: छापील साधनांपासून वेगळी ‘ध्वनिमुद्रिका सूची’, गायकाच्या नावाने, कारण माझा विषय गायन होता. प्रत्येक नोंदीत गायक, पदाची पहिली ओळ, गीत, चाल, नाटक वा चित्रपट आणि त्याचं साल, कंपनी, तबकडीचा क्रमांक आणि बाजू, मॅट्रिक्स क्रमांक, मुद्रणाचं साल, आणि मी ऐकलेली प्रत. ‘आठवणीतली गाणी’सारख्या संकेतस्थळाचा शब्द आणि कर्ते शोधायला फार उपयोग झाला, तिथून मिळालेलं लेबलाशी ताडून मगच घेतलं. नियमपुस्तिकेत ही मांडणी बसत नव्हती, म्हणून सूचीच्या आधी दीड पानाचं निवेदन जोडलं आणि मॅडमनी ते समितीपुढे मांडलं. समितीने मान्य केलं.

मौखिकीला बहिःस्थ परीक्षक म्हणून आलेले सर स्वतः गाणारे. त्यांनी एक तळटीप निवडली आणि म्हणाले, “ऐकवा.” मी प्रत लावली, सांगितलेल्या जागी नेली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि माझ्या विवेचनाशी असहमती दाखवली. ती तान मला मुद्दाम तोडलेली वाटत होती. त्यांच्या मते तिथे श्वास संपला होता, कारण तबकडीची वेळ संपत आली होती. आम्ही ती जागा पुन्हा पुन्हा ऐकत वाद घातला, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच सेकंदाकडे बोट दाखवत होतं. मला त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आनंद याचा झाला.

जाताजाता त्यांनी एक गोष्ट मागितली. “साथीदार कुठे आहेत? सारंगी कुणाची, तबला कुणाचा?” बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्ष सारंगीला आणि अहमदजान थिरकवा तबल्याला होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अमुक तबकडीवर तेच वाजवताहेत हे लेबल सांगत नाही, आणि तर्काने नाव घालणं मला पटत नव्हतं. शेवटी प्रत्येक नोंदीत ‘साथ’ असा आणखी एक रकाना वाढवला. जिथे लेबलावर, कंपनीच्या यादीत किंवा कलाकाराच्या स्वतःच्या आठवणींत नाव मिळालं तिथे ते लिहिलं. बाकी ठिकाणी ‘नोंद आढळली नाही’ असं लिहिलं. असे रकाने बरेच आहेत. पुस्तकाची आवृत्ती निघण्याआधी त्यातले जेवढे भरता येतील तेवढे भरायचे आहेत, आणि त्यासाठी काकांकडच्या कंपनीच्या जुन्या मासिक याद्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या आहेत.